फ्रीमेसन होण्याच्या अटी आणि एका सहीचा प्रश्न

गेल्या वर्षी पर्युषण संपल्यावर क्षमापनेसाठी मी बहिणीच्या घरी गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर भाचा माझ्याजवळ येऊन बसला. तो तीस वर्षांचा आहे. वडिलांच्या पश्चात कापडाची पेढी तोच सांभाळतो. जरा घुटमळून म्हणाला, "मामा, तुम्ही फोर्टात इतकी वर्षे नोकरी केलीत. फ्रीमेसन लोकांविषयी तुम्हाला काही माहिती असेल. आमचे एक जुने गिऱ्हाईक त्यांच्यात आहेत. मलाही जावेसे वाटते. त्यासाठी काय काय लागते?"

माझी बहीण आतून म्हणाली, "ते जादूघरवाले ना? दादा, त्याला आधी समजावून सांग."

बहिणीची भीती अगदीच निराधार नव्हती. या मंडळींच्या बंद दारांमुळे आपल्याकडील जुने लोक त्यांच्या वास्तूंना जादूघर किंवा भूतबंगला म्हणत. मला मात्र भाच्याच्या प्रश्नाने दुसरीच आठवण झाली. १९८७ साली मुंबईच्या फोर्ट भागातील शाखेत असताना माझ्या टेबलावर याच संस्थेचा छापील अर्ज आठ दिवस पडून होता. माझे एक ज्येष्ठ सहकारी मेसन होते. मीच त्यांच्याकडे अर्ज मागितला होता. सगळे रकाने मी भरले. एका रकान्यापाशी थांबलो आणि अर्ज कोराच परत केला. का केला, हे मी आजवर घरातही कोणाला नीट सांगितले नव्हते. भाच्याच्या निमित्ताने ते लिहावेसे वाटले.

ही संस्था कोणती?

मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. युरोपात मोठमोठी देवालये बांधणाऱ्या पाथरवटांच्या जुन्या संघांची परंपरा, हत्यारे आणि शब्द या संस्थेने आपलेसे केले. बांधकाम मात्र चारित्र्याचे, असे ती म्हणते. गुण्या, कंपास, पातळी पाहण्याचे साधन आणि ओळंबा ही तिची चिन्हे आहेत. लंडनमधील चार लॉज १७१७ साली एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले, असे परंपरेने मानले जाते. जेम्स अँडरसन यांनी संकलित केलेली नियमावली १७२३ साली छापली गेली. आपल्या देशात कलकत्त्याला १७३० च्या सुमारास पहिले लॉज सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली. रामपूरचे नवाब रझा अली खान हे तिचे पहिले ग्रँड मास्टर. मुख्यालय दिल्लीत जनपथावर असून तिच्या अखत्यारीत पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे चार प्रादेशिक विभाग आहेत. काही जुनी लॉज मात्र आजही इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या घटनेखाली काम करतात.

सभासदाच्या तीन पायऱ्या असतात : प्रथम शिकाऊ, मग कारागीर आणि शेवटी उस्ताद. प्रत्येक पायरीचा स्वतंत्र विधी आहे.

प्रवेशाच्या अटी

भाच्याला मी प्रथम कोरड्या अटी सांगितल्या. त्या अशा :

उमेदवार पुरुष असावा. वय सर्वसाधारणपणे एकवीस पूर्ण असावे. काही ठिकाणी ही मर्यादा अठरावर आणली आहे. सुप्रसिद्ध इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय वीस असल्यामुळे खास परवानगी घ्यावी लागली होती. उमेदवाराची समाजात चांगली ख्याती असावी. गुन्ह्यात शिक्षा झाली असल्यास ती लपवू नये. तो स्वेच्छेने आलेला असावा. आणि परमश्रेष्ठ अशा ईश्वरी सत्तेवर त्याची श्रद्धा असावी.

येथे सूनबाईने विचारले, "मामाजी, बायकांना का नाही?" प्रश्न रास्त होता. १८९३ साली पॅरिसमध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी निराळी शाखा निघाली, डॉ. ॲनी बेझंट तिच्यात सामील झाल्या आणि त्यांच्यामुळे ती भारतातही आली. परंतु आपण ज्या मूळ परंपरेविषयी बोलत आहोत, ती त्या शाखेला मान्यता देत नाही. हे उत्तर सूनबाईंना पटले नाही, आणि मलाही ते पटवून देता आले नाही.

ओळख, चौकशी आणि गोळ्यांचे मतदान

माझ्या नोकरीच्या काळात बँकेत खाते उघडायला जुन्या खातेदाराची सही लागत असे. तो ओळख देणारा म्हणजे नवख्याचा जामीनच. फ्रीमेसनांचीही रीत तीच आहे. एक सभासद उमेदवाराचे नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. दोघांनी उमेदवाराला व्यक्तिशः ओळखलेले असले पाहिजे. परंपरेने सभासद कोणाला आग्रहाने बोलावत नाहीत. इच्छा उमेदवाराने स्वतः व्यक्त करायची असते.

त्यानंतर काही अनुभवी सभासद उमेदवाराची भेट घेतात. पुष्कळ लॉजमध्ये ते घरी येऊन पत्नीशीही बोलतात, कारण घरच्यांची नाराजी असताना माणूस सभेला येत राहिला तर त्यात कोणाचेच भले नसते. मग नाव लॉजपुढे मांडले जाते आणि पुढच्या सभेत गुप्त मतदान होते.

हे मतदान चिठ्ठ्यांनी नव्हे, तर गोळ्यांनी होते. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. इंग्लिश घटनेनुसार तीन काळे गोळे पडले तर अर्ज नामंजूर होतो. लॉजला आपल्या उपविधीने ही संख्या दोन किंवा एकवरही आणता येते. म्हणजे चाळीस माणसांनी हो म्हटले आणि एकाने नाही म्हटले, तरी दार बंद होऊ शकते. बहुमताच्या आजच्या जगात हे विचित्र वाटेल. पण ज्यांना पुढे एकमेकांना बंधू म्हणायचे आहे, त्यांच्यापैकी एकाच्याही मनात अढी नसावी, हा त्यामागचा विचार आहे.

खिसा आणि हेतू

प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणी प्रत्येक लॉजची वेगळी असते. त्याशिवाय पोशाख, भोजन आणि दानधर्म यांचा खर्च असतो. याबाबत संस्थेचा दंडक मला बँकेच्या दृष्टीने फार चोख वाटला : स्वतःचे आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे नुकसान न होता जेवढे जमेल, तेवढेच करावे. परतफेडीची ऐपत नसताना कर्ज मागणारा आणि कुटुंबाला तोशीस लावून प्रतिष्ठा मिळवू पाहणारा, दोघांचाही अर्ज मी सारख्याच मनाने बाजूला ठेवला असता.

"पण मामा," भाचा म्हणाला, "ओळखी वाढतील, धंद्याला बरे पडेल, असेही मनात आहे."

मी त्याला तेथेच थांबवले. उमेदवाराला जाहीर करावे लागते की, तो आर्थिक लाभाच्या किंवा अन्य अयोग्य हेतूने आलेला नाही. ही केवळ रिवाजाची ओळ नाही. दीक्षाविधीपूर्वी उमेदवाराच्या अंगावरील पैसे आणि धातूच्या वस्तू काढून घेतात. विधी चालू असताना त्याच्यापुढे दानाची मागणी केली जाते. तो खिसा चाचपतो. खिसा रिकामा असतो. गरजू माणूस दाराशी आला म्हणजे हा क्षण आठवावा, असे त्याला सांगितले जाते. अपरिग्रहाचे व्याख्यान ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हा प्रसंग परका वाटू नये. ज्याला गिऱ्हाईके हवी आहेत, त्याने व्यापारी संघाचा सभासद व्हावे. तेथे तो हेतू उघड असतो आणि त्यात गैर काहीच नाही.

भाचा गप्प झाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "धंद्याचे मी मनातून काढले. तरीही जावेसे वाटते. बाबा गेल्यापासून वडीलधाऱ्या माणसांत बसायचे राहूनच गेले." हे ऐकल्यावर मी त्याचा प्रश्न अधिक गंभीरपणे घेतला.

तो एक रकाना

आता माझ्या कोऱ्या राहिलेल्या अर्जाकडे वळतो. परमश्रेष्ठ सत्तेवर श्रद्धा आहे काय, असा प्रश्न होता. संस्थेच्या भाषेत त्या सत्तेला विश्वाचा महान स्थपती म्हणतात. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९२९ साली इतर ग्रँड लॉजना मान्यता देण्याची जी मूलतत्त्वे ठरवली, त्यांत या स्थपतीवर आणि त्याने प्रकट केलेल्या इच्छेवर विश्वास ही आवश्यक अट आहे.

आपल्या पाठशाळेतील दहा वर्षांचा मुलगाही सांगेल की, जैन दर्शनात विश्वाचा स्थपती नाही. लोक अनादी-अनंत आहे. षड्द्रव्ये स्वयंसिद्ध आहेत. ती कोणी घडवली नाहीत. तीर्थंकरांची वाणी म्हणजे मार्गदर्शन. ती कोणाची आज्ञा नव्हे. मग मी ‘होय’ कसे लिहू? आणि ‘नाही’ लिहिले तर मी नास्तिक ठरतो, जो मी नाही. सिद्ध परमात्म्याला रोज वंदन करणारा माणूस नास्तिक कसा?

माझे सहकारी हसून म्हणाले, "अहो, तपशील कोण विचारतो? होय लिहा आणि सही करा." त्यांचा हेतू चांगला होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाला स्वतःची सही इतकी स्वस्त करता येईना. मनात एक अर्थ आणि कागदावर दुसरा, अशा सहीवर बंधुत्वाची सुरुवात करावी, हे मला मान्य झाले नाही. अर्ज परत केला. त्यावेळी मला वाटले की प्रश्न संपला. वास्तविक मी तो कोणाला विचारलाच नव्हता.

इतिहासातील दाखले

निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, तेव्हा कळले की हा प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता. १७२३ च्या नियमावलीने नास्तिकाला नकार दिला होता, पण सभासदाचा धर्म कोणता, यावर फारसे बंधन घातले नव्हते. १८१५ च्या इंग्लिश घटनेने तर स्पष्ट केले की, माणसाचा धर्म किंवा उपासनापद्धती कोणतीही असो, विश्वाच्या स्थपतीवर श्रद्धा आणि नीतीचे आचरण पुरेसे आहे.

कागदावर हे असले, तरी भारतात दार सहज उघडले नाही. मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी यांना येथील युरोपीय लॉजमध्ये प्रवेश मिळाला नाही. ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांसाठी निघाले. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांचा अर्ज १८६३ पासून अडला. अनेक देवांना मानणारा माणूस एका परमेश्वराविषयी शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. दत्तांनी चिकाटीने पत्रव्यवहार केला, आपल्या श्रद्धेचा अर्थ समजावून सांगितला आणि १८७२ साली त्यांना ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी, १८८४ साली, त्याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. तेच पुढे स्वामी विवेकानंद.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंट या संस्थेने १८७७ साली ईश्वरश्रद्धेची अट काढून टाकली, तेव्हा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने तिच्याशी संबंध तोडले. म्हणजे ही अट शोभेची नाही. आणि काही धर्मांनी आपल्या बाजूनेही नकार दिला आहे : रोमन कॅथलिक चर्चने १७३८ मध्ये आपल्या अनुयायांना मनाई केली आणि १९८३ मध्ये तिचा पुनरुच्चार केला.

आपले आचार्य काय सांगतात?

या प्रश्नावर आपल्या परंपरेत दोन्ही सूर आहेत. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे परखड खंडन केले आहे. विश्व घडवण्यापूर्वी कर्ता कोठे होता, कोणत्या सामग्रीतून त्याने ते घडवले आणि कोणत्या प्रयोजनाने, असे त्यांचे प्रश्न आहेत. गुण्या आणि कंपास हाती घेतलेला स्थपती त्यांनी मुळीच स्वीकारला नसता.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी मात्र शास्त्रवार्तासमुच्चयात निराळी वाट दाखवली आहे. कर्तृत्ववादाचे तार्किक खंडन करून ते म्हणतात की, एका अर्थाने ईश्वराला कर्ता म्हणता येईल : त्याने सांगितलेल्या व्रतांच्या पालनाने मुक्ती मिळते, म्हणून उपचाराने तो मुक्तीचा दाता, आणि परम ऐश्वर्याने युक्त असा आत्माच ईश्वर असल्यामुळे तोच आपल्या कर्माचा खरा कर्ता. दुसऱ्याचा शब्द नाकारण्यापूर्वी त्यातील सत्याचा अंश शोधायचा, ही अनेकान्ताची शिस्त येथे दिसते. मात्र हरिभद्रसूरी आपला अर्थ उघडपणे मांडतात. मनात ठेवून मान डोलावत नाहीत. १९८७ साली मला हेच सुचले नव्हते.

आचाराचे व्यावहारिक प्रश्न

श्रद्धेखेरीज आपल्या घरांत विचारावेत असे आणखी काही प्रश्न आहेत.

पहिला, मेखलेसारखा कमरेला बांधायचा पांढरा एप्रन. परंपरेने तो कोकराच्या कातड्याचा असतो. हल्ली कृत्रिम साहित्याचेही मिळतात. ते चालतील का, हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरा, सभेनंतरचे सहभोजन. सभा बहुधा संध्याकाळी असतात आणि भोजन सूर्यास्तानंतर होते. आपला चौविहार, कंदमुळांचा त्याग, मद्याचा नकार हे सगळे पहिल्याच भेटीत सांगावे. भोजनास न थांबता परतणे किंवा शुभेच्छेचा प्याला पाण्याने उचलणे यात संकोच नसावा.

तिसरा, शपथ. ती आपल्या पवित्र ग्रंथावर हात ठेवून घेतली जाते. भारतात लॉजच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहेब असे ग्रंथ ठेवण्याची प्रथा आहे. आपल्यासाठी श्वेतांबर आणि दिगंबर दोघांनाही मान्य असलेले तत्त्वार्थसूत्र योग्य ठरेल; ते ठेवण्याची विनंती करावी. जुन्या शपथांत देहदंडाची भीषण वाक्ये असत; इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ साली ती शपथेतून वगळली. तरीही आपण ज्या लॉजमध्ये जाणार, तेथील शब्द धर्म, कायदा आणि कुटुंब यांविषयीच्या कर्तव्याला बाधा आणत नाहीत ना, याची खात्री करावी. तसे आश्वासन उमेदवाराला देण्याची पद्धत आहे. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद करण्यास मनाई असते, हीही जमेची बाजू.

भाच्याचा अर्ज

भाच्याला मी जा किंवा जाऊ नको, यांपैकी काहीच सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "त्या रकान्यात नुसते होय लिहू नकोस. तुला काय मान्य आहे आणि काय नाही, ते अर्ध्या पानात लिही आणि अर्जाला जोड. मग निर्णय त्यांचा."

त्या अर्ध्या पानाला त्याला तीन आठवडे लागले. प्रवचनाला क्वचित जाणारा हा मुलगा दोनदा महाराजसाहेबांकडे जाऊन बसला. अखेर त्याने लिहिले की, विश्व कोणी निर्माण केले असे तो मानत नाही. पण कर्ममुक्त, सर्वज्ञ अशा परमात्म्यावर त्याची श्रद्धा आहे, तेच त्याला सर्वश्रेष्ठ आहे, आणि प्रत्येक कृतीचे फळ स्वतःलाच भोगायचे आहे या जाणिवेने तो वचनाला बांधील राहील. त्याच्या आईने ते मोठ्याने वाचून घेतले आणि देवघरात ठेवायला एक प्रत मागितली.

नाव सुचवणाऱ्या गृहस्थांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "असा जोडकागद मी पहिल्यांदाच पाहतो आहे. समितीपुढे जसाच्या तसा ठेवतो." हे लिहीत असताना समितीची भेट व्हायची आहे; मतदान त्यानंतर. काळे गोळे पडतील की पांढरे, कोण सांगणार? अर्ज नामंजूर झाला तर भाचा तो निर्णय मान राखून स्वीकारील, एवढे त्याने मला सांगितले आहे.

काल त्याचा पुन्हा फोन आला होता. समितीतील मंडळी रविवारी संध्याकाळी घरी यायची आहेत. "मामा, तुम्ही याल ना? आणि आई विचारते आहे, त्यांना फराळाला सूर्यास्ताआधी बोलावले तर चालेल का?"

मी म्हणालो, "अवश्य बोलाव. कारणही सांग."